खुशालकाकांची बरणी

पांदणीची वाट संपून दगडगोट्यांचं बरड लागलं तेव्हा खुशालकाकांनी हातातली पिशवी छातीशी धरली. आत लोणच्याची काचेची बरणी होती. निघताना मी काही विचारलं नव्हतं. वाटलं, महादेवाला तेल नेत असतील. माहेरी आले की सोमवारी मी टेकडीवरच्या महादेवाला पायी जातेच. काका वेशीपाशी भेटले आणि म्हणाले, "चाल, म्याबी येतो." देवळाची पायरी कधी न चढणारा हा माणूस.

"काय आहे काका बरणीत?"

"वर्षालीले मारनारी."

माझे पाय थांबले.

"चाल वं तारे. झाकन पक्कं हाय. तुह्या सासूपेक्षा गरीब हाय ते."

हसू आलं नाही. ऊन चढत होतं, गोट्यांतून वाफ निघत होती. कुठं हिरवं पान नव्हतं.

खुशालराव म्हणजे नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्या आमच्या गावचे विंचू उतरवणारे. विद्या बापाकडून आलेली. बोलावणं आलं की जेवत्या ताटावरून उठायचे. ज्या घरी विष उतरवलं तिथं चहासुद्धा घ्यायचे नाहीत. नेम कडक होते. विंचू मारायचा नाही. मंत्र ओठांतल्या ओठांत म्हणायचा, बाईच्या कानावर पडू द्यायचा नाही; पडला की मंत्रच मेला, पुन्हा लागू पडत नाही. आणि विष उतरेपर्यंत रोग्यानं गावची वेस ओलांडायची नाही, ओलांडली की विष चढतं.

लहानपणी माझाही विंचू त्यांनीच उतरवला होता. रात्रभर हात जळत राहिला, सकाळी थांबला. आईनं देवापुढं दिवा लावला आणि काकांच्या पाया पडली. बहुतेकांचं असंच व्हायचं. दुखायचं आणि थांबायचं. ते आपोआपही थांबतं, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

वर्षाली त्यांची सून, गजेंद्रची बायको. गेल्या वर्षी पाऊस लागायच्या आधी मागच्या अंगणातल्या कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीच्या ढिगातून चुलीसाठी काड्या ओढत होती. बोटाला विंचू डसला. काका बियाणं आणायला अकोल्याला गेलेले. गजेंद्रनं मोटरसायकल काढली, पण वर्षालीच बसेना. "मामाजी येऊ द्या. वेस ओलांडली तं चढन." सासऱ्याचाच नेम. त्यावर कोण काय बोलणार? गावानं तिला ओट्यावर बसवून ठेवलं. अंगाला घाम सुटला, हातपाय गार पडले, उलट्या झाल्या. मग श्वास लागला.

काका एसटीनं परतले आणि सुनेचं तोंड बघून मंत्र म्हणायलाही थांबले नाहीत. जन्मात पहिल्यांदा त्यांनी स्वतः रोग्याला गाडीत घातलं. फाटा ओलांडला आणि वर्षाली गेली. मांडीवरचं लेकरू मागं ठेवून गेली.

आणि गाव काय म्हणालं? वेस ओलांडली म्हणून गेली. बुवानं मंत्र म्हटला असता तर वाचली असती. तेव्हापासून काकांकडं येणारे वाढले, तिवश्यापर्यंतची बोलावणी येऊ लागली. गजेंद्र बापाशी बोलत नाही. नेम घालून दिला म्हणून, की मंत्र म्हटला नाही म्हणून, हे विचारायची काकांची हिंमत नाही.

"ढीग उसकटला तवा हे सापडली," काका चालता चालता सांगत होते. "मारता येत नाई. शपथ हाय. मंग बरनीत घातली, खाली मूठभर माती, झाकनाले भोकं. म्हटलं म्या कायले मारू? उपाशी मरन."

"मग?"

"मंग काय! पावसाळ्यात पिल्लं झाली तिले. पांढरी, तांदळासारखी. सारी पाठीवर घेऊन बसली. म्या रोज पाहो. मले वाटलं, हेबी मायच हाय बाप्पा, सोडून द्याव." ते थांबले, धाप लागली होती. "एक दिवस पाह्यलं तं पिल्लं कमी. मंग आनखी कमी. खाल्ली तिनं."

"अरे देवा."

"त्यावर हिवाळा काढला. मंग काईच नाई. ना दाना ना पानी, बरनी न्हानीत ठेवली, तिथल्या भिंतीची ओल तेवढी. हालत नाई, डुलत नाई. जीव असा आकसून घेते का वाटते मेली. काडी लावली का नांगी वर! यंदाचा उन्हाळा पाहाच तू, मानसं पटापट पडून राहिली, अन् हे पाह्य."

त्यांनी पिशवी उघडली. मी बघितलं नाही म्हणावं तर खोटं होईल. मळकट लालसर, बोटाएवढी, काचेला चिकटलेली.

"ठेचा की एका गोट्यानं," मी म्हणाले. माझ्या तोंडून हे निघालं याचं मलाच वाईट वाटलं.

"कायले? तिच्या अंगावरचा ढीग ओढला, तिनं डसलं. सुनेले ओट्यावर तिनं बसवलं का? म्या बसवलं." काका एका कपारीपाशी बसले. "काल बेबीताईनं नातीले आनलं, विंचू डसला म्हनून. म्या म्हटलं, दवाखान्यात न्या, म्या काई करत नाई. तं ओट्यावरून उठेना. म्हने, सुनेच्या दुःखानं बुवा रुसला. पोट्टी घामानं वली झाली, तरी म्हने, अगोदर उतरवा, मंग वेस ओलांडू. मले शिव्या देल्या, पाय धरले. गाडीवाल्यानं पोट्टीले उचललं म्हनून वाचली."

"तुम्ही गावाला सांगा ना, मंत्रात काही नाही म्हणून."

"सांगतलं नाई का? सालभर सांगून राह्यलो. कोनी मानत नाई. म्हटलं, म्हननं सोडलं तं मंत्र आपोआप मरन. नाई मरत!"

त्यांनी झाकण फिरवलं आणि बरणी आडवी केली. ती बाहेर येईना. किती तरी वेळ तोंडाशीच बसून राहिली. मग सरकत कपारीत गेली आणि मातीच्या रंगात मिसळली. तिच्यासाठी त्या तापल्या दगडातही जागा होती.

काका उठले, तोंड पुसलं. देऊळ समोरच होतं.

"तारे, तू देवाधर्माची. गावातले लोक तुह्या शब्दावर इस्वास ठेवतात. माह्या नाई ठेवत."

"काय करू मग?"

"मंत्र बाईच्या कानावर पडला का मरते. हे तं सारे मानतात ना?"

मला समजलं. "काका, गाव मला दारात उभं करेल का? उद्या कोणाचं लेकरू गेलं तर म्हणतील, तारानं मंत्र मारला."

"म्हनतीन. तुह्या मायलेबी बोलतीन." ते खोटा धीर देणारे नव्हतेच. चपला काढून ते पायरीवर चढले, पहिल्यांदा, आणि पिंडीपुढं मला जागा करून दिली.

"बस इथं. म्या मोठ्यानं म्हनतो, तू ऐकून घे. मंग गावात जाय, पारावर उभी राह्य अन् साऱ्यायले सांग का खुशालचा मंत्र म्या ऐकला, आता मेला तो. एवढं कर माह्यासाठी, पोरी."