बोट उचलल्यावर येणारा वाघ

भाईंची आणि माझी ओळख एका चहाच्या कपामुळे झाली. नंदुरबारच्या शाळेत मी नुकतीच मराठी शिकवायला रुजू झाले होते. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत मी कप बशीत ठेवणार, तोच खिडकीशी बसलेले एक गृहस्थ मागे न वळता हळूच म्हणाले, "ताई, कप हातातच राहू द्या." बाहेर पिंपळावर तांबट पक्षी बोलत होता आणि त्यांच्या मांडीवर टेपरेकॉर्डर सुरू होता. मी तशीच उभी राहिले. पक्षी उडाला तेव्हा त्यांनी यंत्र बंद केले आणि माझ्याकडे पाहिले. "आता प्या. गार झाला असेल तर माझा घ्या."

हे जीवशास्त्राचे शिक्षक जगन्नाथभाई पाटील. तापीकाठच्या गुजर शेतकरी घरातले, म्हणून सगळ्यांचेच भाई. यंदा भाई पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. गौरवग्रंथाच्या समितीने मला लिहायला सांगितले, कारण भाईंनी संगणकावर तयार केलेल्या 'सातपुड्याचे शेजारी' या प्राण्यांविषयीच्या कार्यक्रमात बोलणारा आवाज माझा आहे.

निवृत्तीनंतर भाईंनी संगणक घेतला आणि प्रोग्रॅमिंगच्या वर्गात नाव घातले. शिकवणारा तरुण त्यांचाच विद्यार्थी निघाला. पहिल्याच दिवशी तो म्हणाला, "सर, तुम्ही जरा मागच्या बाकावर बसता का? समोर तुम्ही दिसलात की मला अजून वाटतं, प्रश्न मलाच विचारणार." भाई मुकाट्याने मागे जाऊन बसले. पुढची काही वर्षे त्यांच्या घरी कधीही जा, भाई पडद्यासमोरच असायचे. त्यांच्या पत्नी, आमच्या भाभी, मला अहिराणीत म्हणायच्या, "बाई, मन्हा घरमा हाऊ एकच वाघ शे, तोबी दिनभर कॉम्प्युटर म्होरे बसेल ऱ्हास."

कार्यक्रम साधा होता. टॅब्लेटच्या पडद्यावर म्हैस दिसते. तिच्या तोंडावर बोट ठेवले की ती हंबरते, पोटावर ठेवले की पोट उघडते आणि चारा कुठून कुठे जातो ते हलताना दिसते. वटवाघळाच्या पंखाला हात लावला की आतली बोटे दिसतात, आपल्या हातासारखीच. चित्रे आणि आवाज इंटरनेटवरून आयते घ्यायला भाई तयार नव्हते. धानोऱ्याला त्यांच्या नातेवाइकांच्या गोठ्यात आम्ही एका म्हशीसमोर सबंध दुपार बसलो. म्हैस हंबरली ती तिचे पारडू सुटल्यावर. मी वैतागून म्हटले, "भाई, म्हशी सगळीकडे सारख्याच हंबरतात." ते म्हणाले, "हंबरत असतील. पण पोरांना ही ओळखीची आहे." पेंग्विन कधी घेणार, असे कोणी विचारले की उत्तर ठरलेले असे, "आधी घोरपड होऊ द्या."

माझे शिक्षण कॉन्व्हेंटमधले. सिस्टर्सनी एकेक शब्द सुटा उच्चारायला शिकवले होते, त्यामुळे भाई मला 'आकाशवाणी' म्हणून चिडवीत. काम अर्ध्यावर असताना माझ्या गळ्याचे ऑपरेशन झाले आणि आवाज घोगरा झाला. दुसरी कोणी शोधा, असे मीच सांगितले. भाई महिनोन् महिने थांबले. एका सकाळी माइक घेऊन घरी आले. "घुबडाचा पाठ बाकी आहे. त्याला असाच आवाज पाहिजे." मी हसले, आणि हसता हसता पुन्हा बोलू लागले. आजही घुबडाच्या पाठात तो घोगरा आवाज आहे. बाकीचे पाठ ऑपरेशनच्या आधीचे किंवा माझा गळा सुधारल्यावरचे.

आता वाघाविषयी. कार्यक्रमाच्या शेवटी एक खेळ होता. पडद्यावर दोन डबे, एकावर 'पाळीव', दुसऱ्यावर 'हिंस्र'. मुलाने प्राणी बोटाने सरकवून योग्य डब्यात टाकायचा, की टाळ्या वाजत. एका संस्थेने हा कार्यक्रम डोंगरातल्या सगळ्या शाळांना देण्याची तयारी दाखवली होती. पुढच्या आठवड्यात संस्थेचे साहेब तो पाहायला येणार होते. ज्यासाठी भाईंनी निवृत्तीनंतरची वर्षे घातली, ते आता मुलांच्या हातात पडणार होते. त्याआधी एकदा प्रत्यक्ष मुलांसमोर चालवून पाहावे म्हणून आम्ही धडगावच्या शाळेत गेलो.

शेळी, कोंबडी, अस्वल सगळे भराभर डब्यांत गेले. मग वाघ आला. टॅब्लेट हातात असलेल्या मुलीने बोट मागे घेतले. शेजारच्या मुलीनेही घेतले. पडदा अडकला असे समजून भाईंनी तो रुमालाने पुसला आणि स्वतःच्या बोटाने वाघाला डब्यात ढकलले. टॅब्लेटमधून टाळ्या वाजल्या. वर्ग गप्प.

तिथल्या शिक्षिका गुलाबताई पावरा आम्हाला व्हरांड्यात घेऊन आल्या. "भाई, राग मानू नका. आमच्याकडे वाघदेव पुजतात. त्याला असं बोटानं ढकलत नाही कोणी. तुम्ही तर डब्यात घातला, वर टाळ्या!"

 भाईंनी विचारले, "आणि अस्वल? ते चालतं डब्यात?"

"चालतं," गुलाबताई हसल्या. "पण त्याला तरी कुठं आवडत असेल?"

संस्थेच्या साहेबांना भाईंनी फोन केला. साहेब म्हणाले, वाघ तेवढा काढून टाका, नाहीतर यंदाची संधी जाईल. परतताना जीपमध्ये मीही तेच म्हटले. इतक्या दिवसांचे काम एका चित्रासाठी का अडवायचे? भाई म्हणाले, "वाघ काढला तर पोरं विचारतील, आमचा तो कुठाय? ठेवला तर हात मागे घेतील. ज्यांच्यासाठी केलं त्यांनीच हात मागे घेतला, तर बाकीच्या शाळांत वाटून काय करू?" त्यांनी संस्थेला नकार कळवला. त्या वर्षी डोंगरातल्या शाळांत दुसराच कार्यक्रम गेला. त्यात पेंग्विन होता.

भाईंनी सगळेच डबे काढले. वाघाचा पाठ नव्याने लिहिला. आता पडद्यावर नुसते उंच गवत आणि ओढा दिसतो. कुठेही बोट लावले की वानर ओरडते आणि गवत हलते, वाघ काही येत नाही. बोट उचलून थोडे थांबले, की वाघ आपणहून बाहेर येतो, ओढ्यावर पाणी पितो, आपल्याकडे पाहतो आणि निघून जातो. मध्येच बोट लावले तर तो गवतात शिरतो. हे सुचायला भाईंना बरेच महिने लागले आणि बसवायला आणखी.

आम्ही पुन्हा धडगावला गेलो. मुलांनी बोटे लावली, वानर ओरडत राहिले, हशा झाला. गुलाबताईंनी आपले हात मांडीवर ठेवून दाखवले. मुलांनीही ठेवले. वर्गात पंख्याचा आवाज तेवढा ऐकू येत होता. गवत बाजूला झाले. "आला," एक मुलगी पुटपुटली. या वेळी टॅब्लेटमधूनही टाळ्या वाजल्या नाहीत. भाई मागच्या भिंतीशी उभे होते. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. त्याच दिवशी गुलाबताईंनी सगळे पाठ मुलांच्या पावरी बोलीतून बोलायचे कबूल केले.

तेव्हापासून हा कार्यक्रम शिक्षकच मेमरी कार्डावरून एकमेकांना देत आले आहेत. पण टॅब्लेट जुने झाले, काही फुटले, आणि वरच्या पाड्यांपर्यंत तर तो कधी पोचलाच नाही. म्हणून भाईंनी समितीला सांगितले आहे की शाल नको, थैली नको, त्या पैशांतून टॅब्लेट घ्या. ते घेतले आहेत. वाटप असे करावे.

पावरीतले सगळे संच गुलाबताईंच्या हाती द्यावेत, कोणत्या शाळेला कोणता ते त्या ठरवतील. माझ्या आवाजातले संच धानोरा आणि सपाटीवरच्या शाळांना. नर्मदेकाठच्या मणिबेलीचा संच होडीने जायचा आहे. तो प्लॅस्टिकमध्ये नीट गुंडाळून, सौर चार्जरसह, तिथल्या शिक्षकांकडेच सोपवावा. कुठलाही संच मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवण्यासाठी नाही, तो मुलांच्या हातात द्यावा. भाभींना साडी द्यावी, आणि ती भाईंनी स्वतः निवडावी.

भाईंना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, हे मागणे आपण सगळ्यांनी मिळून मागायचे. आपल्या हातात आहे तेवढे मात्र आपण द्यावे. वाटपासाठी घाट चढताना जीपमध्ये पुढची जागा भाईंना.