नाव घेतलं गवताचं

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. एवढ्या वर्षांच्या संसारात तिला माझ्या सगळ्या खोडी पाठ — ही एक सोडून. तुम्हाला का सांगतोय? देव जाणे. ऐका.

हडपसरला एका कारखान्यात मी सुपरवायझर होतो. परदेशी ऑर्डरी नुकत्याच सुरू झालेल्या, पलीकडच्या माळावर आयटीवाल्यांच्या काचेच्या इमारती चढत होत्या, आणि माझ्या डोक्यात हवा शिरलेली. जीभ तिखट, हात त्याहून. कानशिलात वाजवायचो. माणसं टरकायची — मला ते आवडायचं. हो, आवडायचं!

दत्तू लोणी काळभोरहून यायचा, लेथ चालवायचा. लोखंड कापताना त्यावर दुधाळ पाणी सोडतात, कूलंट म्हणतात त्याला. गुरुवारी वीज बंद, म्हणून कारखानाही बंद. तेवढ्यात ते पाणी टाकीत कुजायचं, वर बुरशीचा थर धरायचा. शुक्रवारी मशीन सुरू झालं की त्याचे तुषार थेट दत्तूच्या तोंडावर. खोकून खोकून वाकायचा बिचारा. कूलंट पुरवणाऱ्या माणसाने मला बजावलं होतं — टाकी धुवा, ही बुरशी छातीत जाते. धुवायची म्हणजे दोन पाळ्या बंद. मी काय केलं? वास मारायला फिनेल ओतलं.

एका शुक्रवारी दत्तू सगळ्यांसमोर म्हणाला, "सायेब, त्या पाण्यात कायतरी हाय."

माझं टाळकं सटकलं. मानगूट धरली आणि तोंड टाकीत दाबलं. "बघ की मग, काय हाय ते!" — त्याचीच बोली, वेडावून. पाय झाडत होता, नखांनी माझं मनगट सोलत होता. मी आणखी दाबलं. सोडला तेव्हा नाकातोंडातून फेस. कुणी पुढे आलं नाही.

इथवर सगळ्यांनी पाहिलं. पुढचं फक्त मला ठाऊक.

पंधरा दिवसांनी त्याला दवाखान्यात नेलं. मालकांनी सोबत मला धाडलं. डॉक्टरांनी विचारलं, कामावर धूळ, बुरशी असं काही? अगदी ओठांवर आलं होतं हो. म्हणालो, "छे! ह्याच्या घराभोवती गाजरगवत माजलंय. त्याचे परागकण." दत्तूने मान डोलावली. साहेबांना जास्त कळतं ना!

नवराबायकोने सगळं गवत हातांनी उपटलं. हात सुजले, पुरळाने फुटले. मग तो कामावर आला. त्याच मशीनवर — मीच उभा केला. शुक्रवारी ओठ निळे पडायचे.

"सायेब, काडी नाय ठिवली. तरी दम का लागतुया?"

"मुळासकट उपटलं नसशील," मी म्हणालो.

वर्षाच्या आत तो गेला. हवेसाठी तडफडत गेला. मातीला मी गेलो होतो. त्याची बायको ते फुटलेले हात कपाळावर बडवत होती — माझ्याच हातनं मुळं ऱ्हायली, सायेब, माझ्याच हातनं.

मी ऐकून घेतलं. नाही म्हणालो नाही.