वरचा कापूस

बावीस वर्षं मी कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर आहे, म्हणजे कापसाची प्रत ठरवणारा. गाडी आली की खांद्यापर्यंत हात घालायचा आणि मधला कापूस काढून बघायचा; वरचा तर सगळेच चांगला ठेवतात. संशय घेणं हीच माझी नोकरी! त्यामुळे किस्से शोधावे लागले नाहीत, कापसाबरोबर येत गेले. त्यांचं पुस्तक झालं आणि सगळे उलटे माझ्यावरच संशय घेऊ लागले.

पहिले आमचे काटेवाले रशीदभाई, मी पास केलेला कापूस तोलणारे. पुस्तकात एक काटेवाला सापडला, तसे ते तडक माझ्याकडे आले. मी म्हटलं, अहो, त्याला मिशा आहेत, तो तुम्ही कसे?

"मिशा काहून लावल्या मंग? लपवाले?"



*

घरी वेगळीच तऱ्हा. बायकोनं पुस्तक एका बैठकीत संपवलं आणि विचारलं, ही शांता कोण? म्हटलं, कल्पनेतली.

"बावीस वर्षं कापूसच पाह्यला तुम्ही. बाई कुठून सुचली?"

दारव्ह्याला वाचनालयात माझं पहिलं जाहीर वाचन ठरलं, तेव्हा ती पहिल्या रांगेत बसली. तोंड मात्र माझ्याकडे नव्हतं. कोणती बाई जास्त टाळ्या वाजवते, हे ती बघत होती.

*

हॉल भरलेला बघून मलाच शंका आली. एवढे लोक पुस्तकासाठी? रशीदभाई म्हणाले, अर्धे स्वतःचं नाव ऐकायला आलेत, अर्धे शेजाऱ्याचं.

आणि शेवटच्या रांगेत बोरी अरबचे बापूराव दिसले.

तीन वर्षांपूर्वी भर सीझनमध्ये आमचं ओलावा मोजायचं मीटर बंद पडलं होतं. मी नुसत्या हातानं चोळून बापूरावांचा कापूस ओला ठरवला आणि गाडी परत पाठवली. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या केंद्रावर तोच कापूस मीटरवर कोरडा निघाला. मला कळलं, पण मी कबूल केलं नाही. माझ्यासोबत चहा घेतल्याशिवाय न जाणारा माणूस तेव्हापासून माझ्याकडे बघतही नव्हता. याचं फार वाईट वाटायचं. ती हकीकत मी नाव बदलून पुस्तकाच्या मध्यात दडवली होती. वाचणार अर्थातच नव्हतो.

*

पहिली, हसवणारी गोष्ट वाचली. लोक हसले. सुटलो असं वाटलं, तेवढ्यात बापूराव उठले.

"साहेब, हा वरचा झाला. मधातला काढा."

हॉल खदखदून हसला. पुढे येऊन त्यांनी माझ्या हातातलं पुस्तक घेतलं, मध्येच बोट घालून उघडलं आणि परत दिलं. ते पान भलतंच होतं. तेच वाचून मोकळा झालो असतो. पण मीच चार पानं उलटली.

मीटर बंद होतं, कापूस कोरडा होता, चूक माझी होती, इथपर्यंत सगळं वाचलं. टाळी कोणीच वाजवली नाही.

बापूरावांनी पुस्तक पुन्हा हातात घेतलं. मी कापूस चोळतो तसं ते पान अंगठ्यानं चोळलं, बराच वेळ. मग मागे वळून म्हणाले,

"रशीदभाई, चढवा काट्यावर. कोरडा आहे."