दुपारचा उंचवटा

घरात सगळे तिला थोरली म्हणत. सूर्यावर वादळ उठलं की पृथ्वीचं चुंबकत्व थरथरतं, आणि त्या धक्क्याने कधीकधी विजेची मोठाली यंत्रंही जळतात. ती थरथर मोजून वीजकंपनीला वेळीच सावध कसं करायचं, हाच थोरलीच्या पीएचडीचा विषय. शहराबाहेरच्या मोकळ्या जागेत तिची मोजणीची खोली होती. जवळच्या लोखंडाने मोजणी बिघडते, म्हणून तिथे खिळासुद्धा लोखंडाचा नव्हता. थोरली केसांतल्या पिना काढून मगच आत जाई.

आणि तिचे वडील? ते रोज दुपारी डबा घेऊन येत आणि आपली जुनी, जडशीळ सायकल खुशाल त्याच खोलीच्या भिंतीला टेकवत. लगेच मोजणीच्या आलेखावर उंचवटा!

"बाबा, सायकल फाटकाबाहेर लावा म्हणून किती कानीकपाळी ओरडू?"

"फाटकापासून चालत आलो तर डबा गार होतो. आणि सूर्याची वादळं मोजणारी तू, माझ्या सायकलीची कसली धास्ती घेतेस गं?"

थोरली धुसफुसत रोज संध्याकाळी तो उंचवटा नोंदीतून पुसून टाकी.

हिवाळ्याच्या तोंडावर वडील झोपेतच गेले. काही दिवसांनी थोरली पुन्हा कामाला लागली. डबा आता ती स्वतःच नेई.

वर्षाच्या शेवटी मार्गदर्शक बाईंनी तिचे आलेख पडद्यावर सरकवत पाहिले. हिवाळ्याच्या आलेखांपाशी त्या थांबल्या. आधीच्या दुपारींवर पुसल्याच्या खुणा दिसत होत्या; इथल्या सगळ्या दुपारी मात्र सलग सपाट होत्या.

"वा! या नोंदी काय सुरेख साफ केल्यास!"



"मॅडम, यातलं मी काहीच पुसलेलं नाही."