गुरुजींचं सोवळं आणि नेटचा डबा

यजमानाचं तोंड दिसल्याशिवाय आमचे शेजारी गुरुजी संकल्प सांगत नसत. समोर पाटावर असो की मोबाईलच्या काचेत, माणूस दिसला पाहिजे. एकदा पुण्याचा कुणी मोटार चालवता चालवता ‘करिष्ये, करिष्ये’ म्हणत होता. गुरुजींनी पूजा तिथंच थांबवली. “गाडी बाजूला घे आधी. देव कुठं पळून जात नाही, तू मात्र जाशील!”

शेवगाव तालुक्यातल्या आमच्या गावात भिक्षुकीचं हे एकच घर उरलं होतं. यजमान शहरांत, परदेशांत गेले, म्हणून गुरुजी म्हातारपणी मोबाईलवरून श्राद्धं सांगायला शिकले. नेटचा डबा माझ्या घरात, मुलानं बसवून दिलेला. मधे एकच भिंत, त्यामुळं त्यांच्या ओसरीवर नेट पोचायचं. मी दुसरीत शाळा सोडली, पण माझ्या घरातल्या वस्तूला मी कुणाला हात लावू देत नाही. गुरुजींनाही नाही.

गेल्या साली एका संध्याकाळी लाईटच्या खांबाजवळ वीज कोसळली. सकाळी लाईट आली, पंखा फिरला, पण डबा मेलेला. नेमकं त्याच दिवशी आखातात नोकरी करणाऱ्या शिरीषच्या वडिलांचं श्राद्ध. बाप गेला तेव्हा त्या पोराला सुट्टी मिळाली नव्हती, म्हणून ही तिथी तरी चुकू द्यायची नाही, असं गुरुजींनी त्याला वचन दिलेलं. आणि दुपार टळली की तिथी चुकली.

घरात रेंज नाही, म्हणून मी गच्चीवर जाऊन नेटवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, परवा येतो. खाली आलो तर गुरुजी आंघोळ करून, सोवळं नेसून माझ्या दारात उभे. शिवायचं नाही, बसायचं नाही, पोटात पाण्याचा थेंब नाही. चौकटीला टेकायचीसुद्धा चोरी.

“गुरुजी, गच्चीवरनं फोन लावा की. आवाज जातोय.”

“चित्र जातं का?”

“न्हाई.”

“मग नाही. आबा, ती पिन काढा. मोजून घोटभर चहा पिण्याइतका वेळ थांबा. आता घाला.”

काढली, घातली. काही नाही.

“डबा गेला वाटतं,” ते म्हणाले.

“माझा डबा जात न्हाई!”

“बरं, तुमचा डबा अमर आहे. त्या पिनेचा काळा ठोकळा हुंगून बघा.”

हुंगला. करपलेला वास. मान्य करायला जड गेलं, पण केलं. तसलाच ठोकळा टीव्हीच्या डब्याला होता.

“दोन्हींवरचं वाचून दाखवा. माझ्या डोळ्यांना दिसत नाही.”

“इंग्रजी हाय.”

“आकडे तरी येतात की तेही मास्तरांनी ठेवून घेतले?”

“आकडे येत्यात!” मी तापलो. दोन्हींवर बाराचाच आकडा होता. लावला ठोकळा. एक दिवा लागला, मग दुसरा. तिसरा लाल तो लालच. आम्ही दोघं म्हातारे त्या दिव्याकडं बघत उभे. गुरुजी एका बाजूला कलले. मी हात पुढं केला तर मागं सरकले. “शिवाल! परत आंघोळीचं त्राण नाही माझ्यात.”

लाल दिवा हिरवा झाला तसे ते वळले. कशाला न टेकता, एकेक पाऊल टाकत घरी गेले. थोड्या वेळानं पलीकडून आवाज आला, “शिरीष, जानवं उजव्या खांद्यावर. हं, दिसलं. म्हण.”

मी त्यांच्या ओसरीवर डोकावलो. सगळं उरकल्यावर शिरीष काचेतून म्हणाला, “गुरुजी, पुढच्या वर्षीही तुम्हीच.”

“मग तू इथं ये. माझ्यानं हे उभं राहणं आता होत नाही बाबा.”

थंडीत गुरुजी गेले. त्यांची लेक नगरहून आली, सामान आवरून, कुलूप लावून गेली.

यंदा त्याच तिथीला दारात जीप थांबली. मोबाईलच्या काचेत बघितलेलं शिरीषचं तोंड मी लगेच ओळखलं. हातात धोतराची घडी, दर्भाची जुडी. कुलूप बघून तो माझ्याकडं वळला. “काका, गुरुजी कुठं गेलेत?”

मी सांगितलं.

“कळवलं नाही कुणी.”

“कोन कळवनार बाबा? तुझा नंबर त्यांच्याच फोनात व्हता.”

तो माझ्या ओट्यावर बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. बापासाठी की गुरुजींसाठी, ते मी विचारलं नाही. आत जाऊन चहा टाकला.