वळवलेला ओढा आणि कांदळवनातले कोल्हे

लग्न होऊन मी दिवाळे गावात आले, तेव्हा पहिल्याच संध्याकाळी कांदळवनातून कुणीतरी रडल्यासारखा आवाज आला. मी दचकले. सासूबाई मासळीची पाटी धूत होत्या. वर न बघताच म्हणाल्या, "कोल्हे हायेत. घाबरू नको, आपल्या वाटंला जात नाय ते."

खाडीकाठचं ते कांदळवन राखीव आहे. आत जायला बंदी असल्याचा फलकही आहे. डोंगराकडून येणारा एक ओढा गावामागून त्यात शिरायचा. भर उन्हाळ्यातही त्याच्या डबक्यांत गोडं पाणी असायचं. खाडीचं खारं पाणी पिणार कोण? जनावरं या डबक्यांवरच जगत होती. पण हा विचार तेव्हा आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आला नाही. कारण उधाणाची भरती आणि जोराचा पाऊस एकत्र आले की हाच ओढा उलटा फिरून आमच्या घरात घुसायचा.

म्हणून डोंगराखालचं सगळं पाणी काँक्रीटच्या मोठ्या नाल्यात वळवून थेट खाडीत सोडायचं ठरलं, तेव्हा गाव खूश झालं. काम सुरू असताना सासूबाई पोकलेनवाल्याला रोज चहा नेऊन द्यायच्या. त्या पावसाळ्यात खरंच घर कोरडं राहिलं. विटांवर चढवलेला फ्रीज आम्ही खाली उतरवला.

पुढच्या उन्हाळ्यात ओढ्याच्या जागी नुसती भेगाळलेली माती उरली. नाल्याच्या भिंती उंच, जनावराला आत उतरता येईना. एका दुपारी मी वाळत घातलेले बोंबील बघायला गेले, तर मासळीच्या खोक्यातलं बर्फाचं पाणी एक कोल्हा चाटत होता. बरगड्या मोजता येतील इतका खंगलेला. मला बघूनही तो हलला नाही.

"तहानेला हाय बिचारा," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी बांधाच्या कडेला पाण्याचं घमेलं भरून ठेवलं.

"आई, त्यांना सवय लागेल."

"लागू दे. पान्याला नाय म्हनायचा काय?"

कोल्हे येऊ लागले. त्यांच्यामागे गावातली कुत्रीही आली. घमेल्यापाशी रोज भांडणं. एका कुत्र्याच्या तोंडातून लाळ गळत होती, नंतर ते कुठे दिसलं नाही.

काही आठवड्यांनी सासूबाई बोंबील काढत असताना एक कोल्हा झोकांड्या खात आला. घमेल्याकडे त्यानं पाहिलंही नाही. सरळ येऊन त्यांची पोटरी धरली. मी वल्हं घेऊन धावले. दोनचार तडाखे बसले तेव्हा कुठे त्यानं सोडलं. नळाखाली साबणानं त्यांची जखम धूत बसले. मग हॉस्पिटल, इंजेक्शनं. वनखात्याच्या माणसांनी कोल्ह्याला जाळ्यात धरलं. तो पिंजऱ्यातच मेला. रेबीज होता.

सासूबाई वाचल्या. पण त्यानंतर गावात कुणीतरी मासळीत विष कालवून बांधावर टाकलं. कुणी, ते सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच बोललं नाही. वास सुटला तेव्हा कांदळवनाच्या तोंडाशी तीन कोल्हे पडलेले सापडले. त्यातली एक मादी दूध पाजणारी होती.

त्या दिवशी सासूबाई जेवल्या नाहीत. "मीच बोलावला त्याना," एवढंच म्हणाल्या.

"ओढा तुम्ही वळवला का, आई?"

"पोकलेनवाल्याला चहा कोनी पाजला?"

मी त्यांचं ताट झाकून ठेवलं.

ओढा जिथे कांदळवनात शिरायचा, तिथली झाडं आता पिवळी पडली आहेत. मातीवर मिठाचा पांढरा थर आहे. गेल्या आठवड्यात सकाळी मोटर लावायला गेले, तर आमच्या अंगणातल्या जमिनीखालच्या टाकीभोवती पावलांचे ठसे दिसले. खूप होते. कुत्र्यांचे की कोल्ह्यांचे, मला ओळखता येत नाही. झाकण एका बाजूला सरकलेलं होतं. मी खराटा घेतला आणि गावात कुणी बघायच्या आत भराभर ठसे पुसायला लागले.

"काय करतेस गो?" सासूबाईंनी आतून विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "अंगण झाडते."