पाटीची हिरवी बाजू

पुण्यात कुणाचीही तुलना कुणाशीही करता येते, आणि त्यासाठी करणाऱ्याला स्वतःला काहीएक यावं लागत नाही. आमच्या मोटर क्लबात हा उद्योग दर रविवारी चालायचा. जागा बुधवार पेठेतलं इलेक्ट्रॉनिक्सचं एक दुकान. मालक आमच्या क्लबाचे सेक्रेटरी, सगळे त्यांना काका म्हणायचे. बाजार खुला होऊन काही वर्षं झाली होती. दुकानात परदेशी कंपन्यांचे हे एवढाले टीव्ही येऊन पडले होते, आणि रविवारी शटर अर्धं ओढून काका त्यातला सगळ्यात मोठा लावायचे. त्यावर परदेशातली मोटारींची शर्यत, समोर खोक्यांवर बसलेली आमची मंडळी, हातात चहा. जगातल्या भल्याभल्या ड्रायव्हरांचा तिथे पंचनामा व्हायचा.

"याच्यात टॅलेंट आहे हो, पण टेंपरामेंट नाही," काका म्हणायचे. शंभर वळणं बिनचूक मारून एखाद्या ड्रायव्हरनं चिडून हातमोजे फेकले, की झालं, लागला निकाल. काकांनी स्वतः आयुष्यात स्कूटरच्या वर काही चालवलं नव्हतं. तीसुद्धा लक्ष्मी रोडच्या गर्दीत कधी वरच्या गिअरमध्ये गेली असेल असं मला वाटत नाही.

परदेशी लोक संपले की गाडी आमच्याकडच्या दोघांवर यायची. आमच्या क्लबात खरे ड्रायव्हर दोनच, बाकी सगळे हौशे. दोघांना नावंच पडली होती. एकाला टॅलेंट, दुसऱ्याला टेंपरामेंट. तोंडावरसुद्धा तसंच हाक मारायचे. टॅलेंट आमच्या येरवड्याचा, विहाराच्या मागच्या गल्लीत माझ्या घरापासून चार दारं सोडून राहणारा. मामाच्या गॅरेजात काम करायचा. मला ताई म्हणायचा. पहिल्यांदा दुकानात आला तेव्हा काकांनी विचारलं होतं, "येरवड्याचे का आपण? भिंतीच्या आतले की बाहेरचे?" सगळे हसले. तोही हसला. मी हसले नाही, तर मला म्हणाले, "अहो, चेष्टा कळते ना आपल्याला?"

टेंपरामेंट सदाशिव पेठेतला. वडील डॉक्टर, आणि तो हिंजवडीला माझ्याच कंपनीत, माझ्या शेजारच्या टीममध्ये. त्याच्या गाडीत मी नॅव्हिगेटर होते. म्हणजे शेजारी बसून, आधी पाहून लिहून ठेवलेला रस्ता त्याला भरधाव वेगात वाचून दाखवायचा. कुठलं वळण, किती तीव्र, पुढे चढ आहे की खड्डा. ड्रायव्हरला समोरचं दिसायच्या आधी ते माझ्या तोंडून ऐकू यायला हवं. बायकांच्या रॅलीत वेळ-वेगाची गणितं चटचट सोडवली म्हणून मला या कामावर घेतलं होतं. काकांचं मत होतं, की बाई शेजारी असली की ड्रायव्हर सभ्य राहतो.

मी दोघांच्याही शेजारी बसले आहे. सरावाला टॅलेंटबरोबर, शर्यतीला टेंपरामेंटबरोबर. तेव्हा तुलना करायचीच असेल तर या शहरात तो अधिकार माझा होता, आणि मला कुणी विचारलं नाही. टॅलेंटच्या गाडीत मी "लेफ्ट" म्हणेपर्यंत गाडी डावीकडे वळायला लागलेली असायची. त्याला रस्ता बुडाखालून कळायचा. पण काय तो आरडाओरडा! एक वळण चुकलं की स्टिअरिंगवर मुठी आपटायचा, स्वतःला शिव्या द्यायचा, शर्यत संपल्यावर बॉनेटवर डोकं टेकून ढसाढसा रडायचा. टेंपरामेंटच्या गाडीत तुम्ही डबा उघडून जेवू शकला असता. श्वाससुद्धा वर-खाली नाही. मी सांगितलेलं करायचा, न सांगितलेलं कधी करायचा नाही. सुरक्षित वाटायचं. आणि खरं सांगते, कंटाळा यायचा.

त्या वर्षी एका टायर कंपनीनं ठरवलं, की पुण्यातला एक ड्रायव्हर आपल्या टीमवर घ्यायचा. पूर्ण देशाचा हंगाम, गाडी त्यांची, टायर त्यांचे, वर पगार. जागा एकच. कंपनीचा माणूस शेवटच्या रॅलीनंतर नाव सांगणार होता. टेंपरामेंटला ती जागा मिळाली असती तर बरंच होतं, नाही तर अमेरिकेचा प्रोजेक्ट होताच. टॅलेंटचं तसं नव्हतं. मामानं गॅरेजची जागा बिल्डरला द्यायचं कबूल केलं होतं, तिथे काचेची ऑफिसं उठणार होती. त्याला येत होतं काय, तर गाडी. दुसरं काही नाही. "ताई, ही जागा मिळाली तर मी माणसांत," तो मला म्हणाला होता. मिळाली नाही तर काय, हे मी विचारलं नाही.

आता पाटीचं सांगते. प्रत्येक गाडीत पुठ्ठ्याची एक पाटी असते. एक बाजू हिरवी, तिच्यावर ओके लिहिलेलं. दुसरी लाल. गाडी उलटली, रस्ता सोडून गेली, की आतल्यांनी मागून येणाऱ्यांना ती दाखवायची. हिरवी म्हणजे आम्ही ठीक आहोत, तुम्ही जा. लाल म्हणजे थांबा, माणूस लागलाय. लाल दिसली की थांबावंच लागतं, शर्यतीचा तो सगळा टप्पा बंद होतो, डॉक्टर येतात.

शेवटून दुसऱ्या रॅलीत टॅलेंटची गाडी एका उंचवट्यावरून उडून जोरात आपटली. शेजारी त्याचा मामेभाऊ नॅव्हिगेटर. त्याच्या छातीत पट्टा असा बसला, की त्याला श्वास घेता येईना. टॅलेंट घाबरला आणि त्यानं लाल पाटी काढली. आम्ही थांबलो, मागचे थांबले, टप्पा रद्द झाला. डॉक्टर पोचले तेव्हा मामेभाऊ दगडावर बसून पाणी पीत होता.

झालं! त्या टप्प्यात टेंपरामेंटची वेळ सगळ्यात चांगली चालली होती, ती पुसली गेली. कंपनीचा माणूस दिवसभर उन्हात उभा राहून हात हलवत परत गेला. पुढच्या रविवारी टॅलेंट दुकानात आला, तेव्हा काका चक्क उठून उभे राहिले. "या, या! आज स्ट्रेचर नाही आणलंत? बसा हो. उभ्या उभ्या चक्कर-बिक्कर आली तर परत लाल पाटी." सगळी खोकी खदाखदा हसली. पुढे महिनाभर हेच. चहा गरम लागला, की कुणीतरी ओरडायचं, "लाल दाखव रे!" कुणी शिंकलं की लाल. टेंपरामेंट नुसता हसायचा, अगदी सभ्यपणे.

"अरे, भाऊ मरत होता की काय असं वाटलं त्याला," मी एकदा भडकून म्हटलं.

"तेच तर म्हणतोय ना आम्ही," काका म्हणाले. "वाटलं! ज्याला असं काहीबाही वाटतं, त्याला टेंपरामेंट नसतं. कंपनीच्या साहेबांनाही मी तेच बोललो."

टॅलेंट तेव्हा दारातच उभा होता. त्याचा चेहरा खर्रकन उतरला. येरवड्याला परतताना तो माझ्या स्कूटरवर मागे बसला होता. पुलावर आल्यावर म्हणाला, "ताई, आता मेलो तरी लाल काढत नाही." मी म्हटलं, "गप रे, काहीतरी बोलू नकोस." म्हणायचं म्हणून म्हणतो आपण.

शेवटची रॅली मुळशीच्या अलीकडच्या डोंगरात होती. टॅलेंट आमच्या पुढे सुटला, ठरलेलं अंतर ठेवून आम्ही. पहिल्या दोन टप्प्यांत त्यानं सगळ्यांना धूळ चारली होती. कंपनीचा माणूस पहिल्यांदाच हसताना दिसला होता. तिसऱ्या टप्प्यात एका उताराच्या तळाशी आम्ही वळलो, आणि समोर त्याची गाडी कुशीवर पडलेली. पुढचा भाग एका मोठ्या दगडात घुसलेला, एक चाक अजून फिरतंय, सगळीकडे धुरळा. फुटलेल्या काचेतून एक हात बाहेर आला होता आणि त्या हातात पाटी होती. हिरवी.

"ओके! ओके दाखवतोय!" मी ओरडले.

टेंपरामेंटनं पाय जरासा उचलला होता, तो परत दाबला. "पुढचं बोल," म्हणाला. मी पुढचं वळण वाचलं. आमच्या मागच्या सगळ्या गाड्या तशाच गेल्या. प्रत्येकानं हिरवी पाहिली. एकानं तर शाबासकीचा हॉर्न दिला, असं नंतर कळलं.

आत काय होतं, ते शेवटची गाडी गेल्यावर मागून येणाऱ्या डॉक्टरांनी पाहिलं. मामेभाऊ बेशुद्ध होता, तो दोन दिवसांत बरा झाला. टॅलेंटचा उजवा पाय पेडलांच्या मागे चेपला गेला होता, रक्त वाहून सीट भिजली होती. तशा अवस्थेत तो एका हातानं पाटी धरून होता. डॉक्टर म्हणाले, ती त्याच्या बोटांतून काढायला वेळ लागला. आणि म्हणाले, फार उशीर झालाय. गुडघ्याखालून पाय कापावा लागला.

हॉस्पिटलच्या जिन्यात त्याची आई बसली होती. मला पाहून म्हणाली, "तू तिथूनच गेलीस ना गं?"

"हो मावशी. पण त्यानं हिरवी दाखवली. हिरवी असली की थांबायचं नसतं, नियम आहे तसा."

"गाडी आडवी पडलेली दिसली ना तुला?" ती म्हणाली. "मग पाटी कशाला बघितलीस?"

मी तिला नियम परत समजावून सांगायला लागले. ती पदरानं तोंड पुसून भिंतीकडे वळली.

आत तो शुद्धीवर होता. पायाचं त्याला सांगितलेलं होतं. मला वाटलं रडेल, बॉनेटवर रडायचा तसा. तर डोळे कोरडे. म्हणाला, "ताई, ओरडलो नाही मी. एकदापण नाही." मी मान हलवली. "काकांना सांगितलंस?" त्यानं विचारलं.

मला काय संताप आला म्हणून सांगू! त्याचा, काकांचा, त्या खोक्यांवरच्या शहाण्यांचा, सगळ्यांचा. त्याच्या उशाशी सुंदर फुलांचा गुच्छ होता. टेंपरामेंट येऊन गेला होता. "बोर्ड हिरवा होता रे," एवढं म्हणून गेला म्हणे.

जागा अर्थातच टेंपरामेंटला मिळाली. सत्कार काकांनीच ठेवला, शाल-श्रीफळ वगैरे. समतोल वृत्तीचा विजय यावर भाषण झालं. शेवटी काका म्हणाले, "आणि आपल्या टॅलेंटचंही कौतुक केलं पाहिजे मंडळी. अखेर त्यानंही टेंपरामेंट दाखवलं! लाल पाटी काढली नाही!" टाळ्यांचा कडकडाट झाला. मी उठून बाहेर आले, चपला घातल्या आणि पुन्हा त्या क्लबात पाऊल टाकलं नाही. टेंपरामेंटनं अर्धा हंगाम गाडी चालवली, मग अमेरिकेचा प्रोजेक्ट आला, तो गेला. टायर कंपनीनं टीम गुंडाळली. गॅरेजच्या जागी काचा चढल्या.

बऱ्याच वर्षांनी, बाबांच्या टीव्हीचा रिमोट बिघडला म्हणून मी बुधवार पेठेत गेले. रविवार होता हे लक्षात नव्हतं. शटर अर्धं ओढलेलं, भिंतीवर चपटा टीव्ही, खोक्यांऐवजी खुर्च्या. काउंटरवर टॅलेंट होता. काकांनी त्याला दया करून ठेवून घेतलं होतं, तसं ते मला दोनदा म्हणाले. कृत्रिम पाय छान बसवला होता, पँटमधून कळत नव्हतं. त्यानं मला रिमोट काढून दिला, नवे सेल घालून तपासून दिला. "बस ना ताई, शेवटच्या फेऱ्या चालल्यात," म्हणाला.

पडद्यावर एका कोवळ्या ड्रायव्हरची गाडी भिंतीवर आदळली. तो आतून हात हलवून माणसं बोलवत होता. त्याचं बोलणं टीव्हीवर ऐकू येत होतं, मनगट दुखतंय, लवकर या, म्हणत होता. आवाज रडवेला होता.

मग सगळ्यांनी माना वळवून काउंटरकडे पाहिलं. या बाबतीत आता त्याचा शब्द शेवटचा असावा.

"छ्या," टॅलेंट म्हणाला. "टॅलेंट आहे हो, पण टेंपरामेंट नाही."

"वा!" काकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. सगळे हसले आणि तो खूश झाला, खरोखरच खूश झाला.